रविवारी सकाळी सहाचा स्लॉट: गंगापूर रस्त्यालगतच्या एका टर्फविषयी

पंचेचाळिशी ओलांडल्यावर हौसेखातर फुटबॉल खेळणाऱ्या माणसाने मैदान कसे पारखावे, याचा माझा निकष थोडा विचित्र आहे. सकाळी खेळून आल्यावर त्याच दुपारी न पेंगता निदान चाळीस पाने वाचून झाली पाहिजेत आणि रात्रीच्या चित्रपटात मध्यंतरानंतर पोटरीत गोळा येता कामा नये. आठवडाभर नोकरी करणाऱ्याला रविवार एकच मिळतो. त्यातला पहिला तास फुटबॉलला दिला, तरी उरलेला दिवस त्या तासाने खाऊन टाकू नये, एवढीच माझी अपेक्षा असते. नाशिकच्या गंगापूर रस्त्यापासून थोडे आत, द्राक्षबागेच्या कुंपणाला लागून असलेल्या एका टर्फवर, म्हणजे तासावर भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानावर, आमचा चौदा जणांचा गट गेले अकरा महिने खेळतो आहे आणि ते या कसोटीला बहुतेक वेळा उतरले आहे. पुढे काही तक्रारीही येणार आहेत, म्हणून नाव मुद्दाम देत नाही. त्या बाजूला खेळणाऱ्यांना वर्णनावरून ते ओळखू येईलच.

आधी आम्ही मोकळ्या मैदानांवर नशीब आजमावून पाहिले होते. ज्याला सगळे नाशिककर अजूनही गोल्फ क्लब म्हणतात, त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर पहाटे चालणारे असतात आणि उजाडल्यावर क्रिकेट असते; तेथे चेंडू पायाने मारणारा माणूस पाहुणाच ठरतो. त्यामुळे पैसे मोजून टर्फ घेण्यावाचून पर्याय राहिला नाही. सकाळी सहा ते सातचे बाराशे रुपये पडतात, म्हणजे चौदा जणांत माणशी शंभराच्या आत. खेळानंतरची मिसळ बहुतेकांना याहून महाग पडते.

मुख्य मुद्दा पृष्ठभागाचा. टर्फ म्हणजे प्लास्टिकचा हिरवा गालिचा ही समजूत अर्धीच खरी आहे. पॉलिथिलीनच्या पात्यांच्या बुडाशी वाळूचा थर असतो आणि तो गालिचा जागेवर दाबून धरतो. त्या वाळूवर जुन्या टायरांपासून केलेले काळे दाणे पसरलेले असतात आणि पाय आपटल्यावर बसणारा दणका मुख्यतः तेच झेलतात. हे दाणे एका जागी राहत नाहीत. जेथे पायांची वर्दळ जास्त, तेथून ते कडेला सरकतात, पाती आडवी पडतात आणि काही महिन्यांत गोलपुढची जागा सिमेंटच्या ओट्यासारखी कडक होते. त्यावर उपाय दोनच आहेत: पडलेल्या पात्यांच्या उलट दिशेने नियमित ब्रश ओढणे आणि कमी झालेले दाणे पुन्हा भरणे. येथे दर सोमवारी दोन मुले ब्रश ओढतात, हे मी स्वतः पाहिले आहे आणि मैदानाचा मधला भाग आजही मऊ राहिला आहे त्याचे श्रेय त्यांचे आहे. डाव्या बाजूच्या गोलपुढचे दाणे मात्र पावसाळ्यापूर्वीच संपले. मी गोलकीपर नसतो. पण जो असतो, तो तेथे डाव्या कुशीवर झेप घ्यायचे टाळतो, हे आता प्रतिस्पर्ध्यांनाही ठाऊक झाले आहे आणि आमच्यावर होणारे निम्मे गोल त्याच कोपऱ्यातून होतात.

हेच दाणे बुटांतून, मोज्यांतून, चड्डीच्या खिशांतून घरी येतात. १८४० पासून चालू असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे सावानातून, आणलेले पुस्तक परत करण्यापूर्वी मला ते गॅलरीत उघडून झटकावे लागते. हा विनोद वाटला तरी प्रश्न खरा आहे, कारण दाणे गटारांतून पुढे नदीतही जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध घालताना मैदानांत भरायच्या अशा दाण्यांची विक्री थांबवण्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. आपल्याकडच्या टर्फमालकांनी निदान दारात पाय झटकायला जाड काथ्याचे पायपुसणे ठेवायला हरकत नाही. येथे ते नाही.

पावलांनी मोजले तर मैदान साधारण ३५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद भरते. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाच्या ते एक दशांशाहूनही किंचित लहान आहे. आकार लहान म्हणून दमछाक कमी होईल असे नवख्याला वाटते आणि तेथेच तो फसतो. मोठ्या मैदानावर चेंडू बाहेर जातो, थ्रो-इन होतो, कोणी तरी चेंडू आणायला धावतो, आणि तेवढ्यात बाकीच्यांना कमरेवर हात ठेवून श्वास घेता येतो. नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साठ मिनिटांच्या आसपासच. येथे चारही बाजूंनी आणि डोक्यावरही जाळी असल्यामुळे चेंडू बाहेर जातच नाही. तो जाळीवर आपटून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. पहिल्या रविवारी वीस मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि त्या दुपारी मी पुस्तक उघडले होते, एवढेच आठवते.

त्यावर आम्हीच तोडगा काढला. पाच-पाच जणांचे दोन संघ खेळतात, चौघे बाहेर बसतात, आणि दोन गोल झाले की हरलेल्या संघातले चार जण उठून त्यांना जागा देतात. बाहेर बसण्यासाठी पत्र्याच्या छपराखाली एक लांब बाक आहे आणि या टर्फमधली मला सर्वांत आवडलेली वस्तू तीच आहे. तो बाक पूर्वेकडे पाठ करून मांडलेला असल्यामुळे सकाळचे ऊन डोळ्यांवर न येता पुस्तकाच्या पानावर येते. एका विश्रांतीत माझी पाच-सहा पाने होतात. आमचा संघ सतत हरतो त्या रविवारी कादंबरी चांगली पुढे सरकते, आणि सलग जिंकतो त्या रविवारी बुकमार्क जागचा हलत नाही. गटातील तरुण मुले सुरुवातीला हसत असत. आता त्यांच्यापैकी एक जण, "काका, तुमचं झालं की मला द्या," असे सांगून रांगेत आहे.

बुटांच्या बाबतीत व्यवस्थापनाने डोळेझाक चालवली आहे. अशा पृष्ठभागावर तळाला छोट्या छोट्या रबरी गुठळ्या असलेले टर्फचे बूट हवेत. खऱ्या गवतासाठी असलेल्या बुटांच्या तळाचे लांब स्टड, म्हणजे खुंट्या, पात्यांत रुततात, शरीर वळते पण पाऊल वळत नाही, आणि तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो. लांब स्टडला मनाई असल्याची पाटी दारावर ठळक आहे. मात्र अकरा महिन्यांत कोणी कोणाचे बूट उलटे करून पाहिल्याचे मला स्मरत नाही. आमच्यातल्याच एकाचा गुडघा असा पिळवटला आणि तो दोन महिने केवळ मिसळीपुरता येत होता. चूक त्याची होती, यात शंका नाही. तरी पाटी लावणाऱ्याने ती पाळली जाते की नाही हेही पाहायला हवे.

टर्फचा चेंडू मिळतो, पण तो हवा भरून इतका दगडासारखा केलेला असतो की पायाशी थांबत नाही. आम्ही आता स्वतःचा चार नंबरचा, कमी उसळीचा चेंडू नेतो. एवढ्या लहान जागेत नेहमीच्या, मोठ्या पाच नंबरपेक्षा तोच बरा. दिव्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, हिवाळ्यात ते लागतात आणि पुरतात. जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो तेव्हा पात्यांवर दव साचते, प्लास्टिक ते शोषून घेत नाही आणि कडेच्या पट्ट्यावर पाय घसरतो. त्या महिन्यात सहाऐवजी सातचा स्लॉट घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत उलट हिशेब लागू होतो, कारण नैसर्गिक गवतापेक्षा हा पृष्ठभाग फार लवकर तापतो आणि नऊनंतर त्यावर तळहात टेकवत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र मी या जागेला पूर्ण गुण देतो. सातला पाच मिनिटे असताना काउंटरवरचा मुलगा येऊन, "दादा, शेवटचा गोल," असे सांगतो आणि सातला दिवे असोत वा ऊन, खेळ थांबतो. याआधी आम्ही पाथर्डी फाट्याकडच्या ज्या टर्फवर जात असू, तेथे आधीचा गट वीस मिनिटे हटत नसे, आमचा तास तेवढा पुढे सरके, मग मिसळ, मग अंघोळ असे करत अकरा वाजत आणि दुपार झोपेतच जाई. येथून मी साडेआठला घरी असतो. नऊ ते अकरा वाचन, दुपारी थोडी डुलकी, संध्याकाळी चित्रपट, हा क्रम आता बसला आहे.

चित्रपटाविषयी एक निरीक्षण नोंदवतो. खेळू लागल्यापासून पडद्यावरचा फुटबॉल मला सहन होईनासा झाला आहे. दर दोन सेकंदांनी दृश्य तुटते, एकदा बूट, एकदा चेहरा, एकदा जाळी. चेंडू नसलेले बाकीचे खेळाडू कोठे उभे आहेत हे दाखवतच नाहीत, आणि खेळ तर त्यांचाच असतो. याउलट दोन माणसे स्वयंपाकघरात बोलत आहेत आणि कॅमेरा गप्प बसलेल्या तिसऱ्यावर आहे, असे दृश्य आले की मी खुर्चीत सरसावून बसतो. हे टर्फमुळे झाले की वयामुळे, ते माहीत नाही.

ऑक्टोबरपासूनच्या तीन महिन्यांचे पैसे आम्ही भरले आहेत. भरताना डाव्या गोलपुढे दाणे टाकण्याचे आश्वासन तोंडी मिळाले, ते मी पावतीच्या मागे तारखेसह लिहून घेतले, आणि ती पावती सध्या कादंबरीत बुकमार्क म्हणून आहे.