कयाकच्या गाइडबुकसोबत नऊ महिने

उत्तर कॅनडातल्या नद्यांवर कयाक आणि कनू घेऊन कसं उतरायचं, याचं एक जुनं गाइडबुक मी फेब्रुवारीत मागवलं. येत्या जुलैत आतेभावाबरोबर साउथ नहानी नदीवर जायचं ठरतंय, त्याची ही तयारी. नऊ महिने पुस्तक हाताशी आहे, पण त्याचा खरा कस लागला तो इथे, नाशिकजवळच्या दारणा नदीवर.

पुस्तकात प्रत्येक नदीचा तक्ता आहे: कितव्या किलोमीटरला काय, रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचा टप्पा, कोणत्या श्रेणीचं, होडी कुठल्या तीरावरून उचलून न्यायची. डावा-उजवा तीर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात, हे आधी पक्कं करून घ्यावं. नहानीच्या पानांवर तरी मी गोंधळलोच. सुमारे ९० मीटरच्या व्हर्जिनिया धबधब्याला वळसा घालून, सामान पाठीवर वाहून खाली उतरलं की आधी चौथी घळ लागते, मग तिसरी, दुसरी आणि शेवटी पहिली. घळींचे आकडे मुखाकडून वर मोजत दिलेत. ते कळेपर्यंत माझा मुक्कामांचा हिशेब उलटाच लागत होता.

श्रेणी एक ते सहा, सहा सगळ्यात अवघड. पण पाणी १० अंशांच्या खाली असेल किंवा नदी वस्तीपासून फार लांब असेल, तर रॅपिड एक श्रेणी वरचं धरायचं. तिथे होडी उलटली तर हाकेला ओ द्यायला कुणी नसतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पाण्याच्या पातळीचं. गोदेला पूर आला की आपण नाशिककर विसर्गाचा आकडा नंतर विचारतो, आधी गोदाघाटावरच्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून विचारतो, "दुतोंड्या मारुतीला कुठवर आलंय?" कमरेपर्यंत म्हटलं की सगळा गोदाघाट डोळ्यांपुढे उभा राहतो. चांगलं गाइडबुक हेच करतं. लेखक उतरला तेव्हा विसर्ग किती होता ते सांगतं, आणि पाणी वाढलं की कोणता खडक बुडतो, कुठली लाट अंगावर येते तेही. या पुस्तकात काही नद्यांना हे दिलंय, बाकीच्यांना नुसतं 'मध्यम पाणी'. ती पानं मी वाचणं सोडून दिलं.

तीच पद्धत धरून ऑक्टोबरात दारणेच्या बारा किलोमीटरचा तक्ता मी स्वतः केला. नकाशावरच्या समोच्च रेषांवरून उतार काढला, पूल टिपले, बंधाऱ्यांवर फुल्या मारल्या. मग काठाने चालत गेलो. एका बंधाऱ्याच्या गाळ्यांतून पाणी जेमतेम हातभर खाली पडत होतं, दिसायला अगदी साधं. पुस्तकातला इशारा आठवला म्हणून थांबलो आणि एक सुकी काटकी टाकली. ती बुडाली, थोडं पुढे वर आली आणि उलटी भिंतीकडेच ओढली गेली. पुन्हा बुडाली, पुन्हा भिंतीकडे. पंधरा मिनिटं उभा होतो, काटकी सुटली नाही. लाइफ जॅकेट घातलेला माणूससुद्धा तिथे असाच अडकतो. शेजारच्या शेतातले काका म्हणाले, "दोन-चार दिवसांत बरगे टाकतील बघा, मग पार वरपर्यंत पाणी तुंबतं." बरगे म्हणजे बंधाऱ्याचे गाळे बंद करायच्या फळ्या. म्हणजे माझा तक्ता आठवड्याभरात शिळा होणार होता. तिथेच कोपऱ्यात तारीख घातली.

तक्रारी आहेत. बांधणी कच्ची, मार्चमध्ये गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सरावाला नेलं आणि पानं सुटली. आता लागतील तेवढ्या पानांच्या झेरॉक्स लॅमिनेट करून नेतो. विसर्ग घनमीटरमध्ये आहे आणि आपल्या डोक्यात क्युसेक (सेकंदाला घनफूट), तेव्हा सेकंदाला १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५ क्युसेक हे धरून समासात पेन्सिलीने आकडे लिहिले. घेणाऱ्याने आधी वर्णनाशेजारी वर्ष आणि विसर्ग छापलाय का ते बघावं, फोटो नंतर.

बरगे टाकल्यावर परत जाऊन दुसरा तक्ता केला. दोन्ही कागद नहानीच्या पानात ठेवलेत. त्या बंधाऱ्यापुढे दोन्हीकडे एकच शेरा आहे: होडी उजव्या तीरावरून उचलून न्यावी, २०० पावलं.