मधपेट्यांचं कुंपण: हत्ती अडतात, पण माशा सांभाळल्या तरच

अभयारण्याला लागून शेती असलेल्या गावांना हत्ती रोखायचे बरेच उपाय सुचवले जातात. त्यांतला मधपेट्यांचं कुंपण हा गावाच्या स्वतःच्या हातात राहणारा उपाय. सौरकुंपणाची बॅटरी बसली की बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागते, चर ढासळला की यंत्र आणावं लागतं. इथे खांब, तार, पेट्या आणि माशा एवढ्यावर काम भागतं. तरी मत आधीच सांगून टाकतो: ज्याला मधमाश्या पाळायच्या आहेत त्याने हे जरूर उभारावं. ज्याला नुसतं कुंपण हवंय, त्याने यात पडू नये.

ही कल्पना केनियात प्राणिशास्त्रज्ञ लूसी किंग आणि ‘सेव्ह द एलिफंट्स’ या संस्थेने घडवली. हत्तीची कातडी जाड असली तरी डोळ्यांभोवती, कानांमागे आणि सोंडेच्या आत माशी डसली की तो हैराण होतो. नुसता माशांचा आवाज ऐकवला तरी हत्तींचे कळप मागे हटतात, हे तिथल्या प्रयोगांत आधी दिसलं होतं. त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाशेजारच्या दोन गावांतल्या नऊ वर्षांच्या नोंदी 2024 मध्ये प्रसिद्ध झाल्या. पीक भरात असताना शेताकडे आलेल्या हत्तींपैकी 86.3 टक्के या कुंपणावरून परतले. आकडा चांगलाच आहे, पण त्याच नोंदींतली दुसरी गोष्ट विकत घेणाऱ्याने आधी वाचावी. 2017 च्या दुष्काळात माशा असलेल्या पेट्यांचं प्रमाण 75 टक्क्यांनी घसरलं आणि पुढची काही वर्षं मधाचं उत्पादनही सावरलं नाही.

रचना साधी आहे. दर दहा मीटरला एक पेटी, पण खरी आणि खोटी आलटूनपालटून. एका एकराच्या परिघाला 12 खऱ्या आणि 12 खोट्या पुरतात. खोटी म्हणजे त्याच आकाराचा, त्याच रंगाचा प्लायवुडचा तुकडा. यामुळे पेट्यांचा खर्च जवळपास निम्म्यावर येतो. प्रत्येक पेटी दोन खांबांमध्ये तारेने टांगायची, माणसाच्या छातीच्या उंचीवर. त्याहून वर टांगली की उघडून पाहायचा कंटाळा येतो, आणि न पाहिलेली पेटी काही महिन्यांत रिकामी होते. वर सावलीसाठी गवताचं किंवा पत्र्याचं छप्पर हवं. उन्हात मेण मऊ होऊन पोळं गळून पडतं आणि माशा घर सोडतात.

सगळ्यात जास्त चुका जोडतारेत होतात. एका पेटीपासून पुढच्या पेटीपर्यंत जाणारी तार खांबाला बांधायची नसते. ती पेटी टांगलेल्या तारेत अडकवायची, म्हणजे हत्तीने छातीने ढकललं की दोन्ही बाजूंच्या पेट्या हिंदकळतात आणि माशा बाहेर पडतात. तार खांबाला आवळली की हत्तीचा जोर खांबावर जातो, खांब उपटतो आणि पेटी मात्र हलतच नाही. तारेला थोडा झोल ठेवावा. जोडाशी बारीक तारेचा कच्चा वेढा द्यावा, म्हणजे फार जोर आला तर वेढा सुटेल, पेटी खाली येणार नाही. खांबांना वाळवी लागते. त्यामुळे फांदी रोवली की फुटते अशा झाडाचे जिवंत खांब सर्वांत टिकाऊ. मुंगळे चढू नयेत म्हणून खांबांना ग्रीसचा पट्टा द्यावा आणि पावसानंतर तो पुन्हा लावावा.

आता मुख्य अडचण. पेट्या आल्या म्हणजे माशा आल्या असं नाही. आतून मेण चोळून थव्याची वाट पाहायची किंवा वसलेली वसाहत आणून सोडायची. आशियात प्रश्न जास्त कठीण आहे. आपली सातेरी माशी आफ्रिकी माशीइतकी आक्रमक नाही, तिची वसाहत लहान असते, आणि फुलोरा संपला किंवा मेणकिडा शिरला की ती पेटी सोडून जाते. त्यात हत्ती रात्री येतात आणि माशा अंधारात सहसा उडत नाहीत. त्यामुळे केनियातला आकडा इथे जसाच्या तसा धरू नये. पेट्या रिकाम्या आहेत हे हत्तींना एकदा कळलं की रंगवलेल्या खोक्यांना ते जुमानत नाहीत.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मार्च 2021 मध्ये कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात, नागरहोळे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, ‘रि-हॅब’ नावाने हाच प्रयोग सुरू केला. तिथे शेताभोवती कडं करण्याऐवजी हत्तींच्या येण्याच्या वाटांवर पेट्या मांडल्या. हत्तींची वाट ठरलेली असेल तर ही मांडणी कमी पेट्यांत भागते, आणि मला ती जास्त पटते. पण मग पेट्या कोणा एकाच्या राहत नाहीत. दहा जणांच्या मालकीच्या पेट्यांची राखण कोणीच करत नाही, म्हणून प्रत्येक पेटीवर एका घराचं नाव हवं आणि त्या पेटीतला मधही त्याच घराचा. शेजाऱ्याशी फवारणीचे दिवस आधी ठरवून घ्यावेत. फुलोऱ्यात भर सकाळी मारलेलं कीटकनाशक आख्खं कुंपण निकामी करतं. फवारायचंच असेल तर माशा परतल्यावर, संध्याकाळी.

मधावर संसार चालेल असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. त्सावोजवळच्या त्या दोन गावांनी सगळ्या वर्षांचा मिळून साधारण एक टन मध विकला. ही जोडकमाई झाली, मुख्य कमाई नव्हे. टंचाईचा काळ तोंडावर असताना पोळी रिकामी करणं तर सरळ कुंपण मोडण्यासारखं आहे. त्या काळात साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेला पाक सूर्यास्तानंतर पेटीच्या आत ठेवावा. दिवसा किंवा बाहेर ठेवला तर दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटालूट करतात. कुंपणाच्या आत पाण्याचं उथळ भांडं ठेवून त्यात खडे घालावेत.

ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी पाहा. पेट्यांसोबत किमान एक पूर्ण हंगाम येऊन शिकवणारा माणूस मिळतो का? पोशाख, जाळी आणि माशा शांत करायचं धुराडं दर घरामागे आहे की गावाला मिळून एकच? आणि गोठा कुंपणापासून चांगला दूर हवा. हत्तीने रात्री तार ओढली की चवताळलेल्या माशा दाव्याला बांधलेल्या गुरावर तुटून पडतात, आणि त्याला पळता येत नाही.