नमुना खरा, माल दुसराच

पुण्याच्या पेठांत एखादा वाडा उतरवायला काढला की पत्र्याचं कुंपण लागायच्या आधीच बातमी फुटते. भंगारवाले येतात, जुन्या लाकडाचे व्यापारी येतात, सुतार येतात आणि अलीकडे आमच्यासारखी हौशी माणसंही येतात. खांब, तुळया, कडीपाट (छताच्या लाकडी कड्या आणि फळ्या), दारं, गजांच्या खिडक्या, नक्षीच्या फरश्या, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. यात गैर काही नाही. इतकी वर्षं वाळलेलं सागवान बंबात जाण्यापेक्षा कुणाच्या घरात उभं राहिलं तर बरंच. पण या बाजारात एक फसवणूक अशी चालते, की तुम्ही सुताराला सोबत नेलंत, लाकूड तासून पाहिलंत, तरी ती टळत नाही. आमच्या बाबतीत ती झाली, म्हणून तपशिलात लिहितेय.

आमचा फ्लॅट सिंहगड रस्त्यावर. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही, तिथे जुना दुपाखी दरवाजा चौकटीसकट उभा करायचा, कडीपाटाच्या फळ्यांचं जेवणाचं टेबल करायचं आणि बाल्कनीत जुन्या सिमेंटच्या नक्षीदार फरश्या बसवायच्या, असा बेत होता. नव्या फर्निचरच्या दुकानात जायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं होतं. ओळखीच्या ओळखीतून एक माणूस भेटला. स्वतःला वाडे उतरवणारा ठेकेदार म्हणवायचा. तोंडात साखर. मला ‘ताई’, ह्यांना ‘साहेब’ आणि आमच्या मिस्त्रीकाकांना ‘गुरुजी’.

त्याने आम्हाला नदीकाठच्या एका पेठेतल्या वाड्यात नेलं. वाडा खराच पडत होता. माती, चुना, वरून झिरपणारं ऊन, आणि मधोमध तो दरवाजा: जाड फळ्या, पितळी फुलं, वर कोरलेली गणेशपट्टी, घडीव लोखंडाच्या बिजागऱ्या. “ताई, पानशेतच्या पुरात हा दरवाजा पाण्याखाली होता. भिंती गेल्या, हा जागचा हलला नाही.” १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत काय झालं ते सासूबाईंनी इतक्यांदा सांगितलंय, की हे ऐकून ह्यांचे डोळे चमकले. “लाकूड बघा. पेशवेकालीन बर्मा टीक!”

या एका वाक्यावर थोडं थांबते, कारण जुन्या लाकडाच्या धंद्यात ते सर्रास ऐकू येतं. पेशवाई १८१८ मध्ये संपली. बर्मातल्या सागवानाचा मोठा व्यापार त्यानंतरचा. इंग्रजांनी खालचा ब्रह्मदेश घेतला १८५२ मध्ये, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली १८६३ मध्ये, आणि १८८५ च्या युद्धाला निमित्तही याच कंपनीच्या लाकडाच्या वादाचं झालं. वाडा खरंच पेशवाईतला असेल तर त्याचं सागवान बहुधा इकडच्याच जंगलातलं असणार, आणि इकडचं सागवान काही कमी प्रतीचं नसतं. म्हणजे ‘पेशवेकालीन’ आणि ‘बर्मा’ हे दोन्ही शब्द एकत्र आले की विकणारा लाकडाबरोबर गोष्टही विकतोय आणि तिचा भाव वेगळा लावतोय, एवढं समजावं.

मिस्त्रीकाकांना गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी पटाशीने फळीची खालची कड जराशी तासली. आत सोनेरी-तपकिरी लाकूड, हाताला किंचित तेलकट, आणि ताज्या सागवानाला येतो तो चामड्यासारखा वास. फळीच्या डोक्याकडे, म्हणजे जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं तिथे, वर्षावर्षांची कडी आणि त्या कड्यांत बारीक छिद्रांची ओळ दिसली. “सागवानच आहे, वहिनी. एक नंबर.” ते बरोबरच बोलले. तो दरवाजा सागवानीच होता. फक्त तो आमच्या घरी आला नाही.

सौदा ६५,००० रुपयांना ठरला, चौकटीसकट. फळ्या वेगळ्या, घनफुटाच्या भावाने. “पण ताई, असा नेऊ नका. भिंतीतला माल आहे, वाळवीचं औषध मारावं लागतं. जुना रंग केमिकलने काढतो, पॉलिश करतो, बसवूनच देतो. माझं गोडाऊन आहे गावाबाहेर.” बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. जुन्या लाकडाला औषध मारतातच, रंगही काढावाच लागतो. ४०,००० रुपये यूपीआयने घेतले, ते ‘भाच्याच्या’ खात्यावर. पैसे पाठवताना नाव आलं ते एका मोबाइल दुकानाचं. बिल मागितलं तर हसला. “जुन्या मालाला कुठलं बिल, साहेब?”

सगळी मेख या ‘गोडाऊन’मध्ये आहे. वस्तू पाहिली ती एका ठिकाणी, मिळणार दुसऱ्या ठिकाणाहून, आणि मधल्या काळात तिचं रूप बदलणार हे आपण आधीच मान्य केलेलं. मग घरी जे येतं ते वेगळं दिसलं तरी आपणच म्हणतो, पॉलिशमुळे उजळलं असेल.

टेम्पो आला रात्री उशिरा. दिवसा आत सोडत नाहीत म्हणे. दरवाजा गोणपाटात गुंडाळलेला, पॉलिश अजून ओलसर. “हात लावू नका, डाग पडतील.” हमालांनी चौकट उभी केली, राहिलेले पैसे घेतले आणि गेले. मिस्त्रीकाका तेव्हा जत्रेला गावी होते, आणि हे त्या माणसाला माहीत होतं. गप्पांच्या ओघात त्याने काकांकडूनच काढून घेतलं होतं.

काका परत आले, त्यांनी एक पाखं उघडलं आणि लगेच म्हणाले, “हे एवढं हलकं कसं?” बिजागरीचे स्क्रू काढले. बिजागरीच्या पत्र्याखाली पॉलिशचा रंग पोचला नव्हता, तिथे पांढरंफटक लाकूड. पाइन, तेही पॅकिंगच्या खोक्यांचं. पुढच्या बाजूला सागवानाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं. म्हणजे समोरून खरवडलं असतं तरी सागवानच लागलं असतं. कडेला नखाने पाहिलं तर चिकटवल्याची रेघ हाताला लागत होती. मला सर्वांत जास्त चीड आली ती गणेशपट्टीची. ती खरी होती. जुनी, हाताने कोरलेली, सागवानी. पितळी फुलंही खरी. बाकीच्या खोट्या मालाची जामीनकी द्यायला तेवढं खरं ठेवलं होतं.

जुनाट दिसण्यासाठी काय काय करतात ते नंतर काकांनी दाखवलं. तारेच्या ब्रशने घासायचं म्हणजे मऊ भाग निघून रेषा उठतात. ब्लो टॉर्चने भाजायचं. लोखंडाचे तुकडे व्हिनेगरमध्ये मुरवून ते पाणी फासायचं, लाकूड काळवंडतं. वर चहाचं पाणी. भोकंसुद्धा ड्रिलने पाडतात, पण ती सगळी एका मापाची आणि सरळ आत गेलेली. किडा असा शिस्तीत खात नाही. यंत्राच्या गोल करवतीने कापलेल्या फळीच्या मागच्या अंगाला कमानदार ओरखडे राहतात, हाताच्या करवतीचे सरळ पण वेडेवाकडे असतात. आणि झीज बघायची ती कुठे आहे. खऱ्या दाराची झीज कडीभोवती, खालच्या पट्टीला, उंबरठ्याच्या मध्यावर असते, जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात आणि पाय लागले. आमच्या दाराची झीज वरपासून खालपर्यंत सारखी होती, अगदी हात पोचणार नाही तिथेसुद्धा.

फळ्यांत दोन प्रकार झाले. एक मापाचा. लाकडाचं घनफूट काढताना रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत धरून गुणाकार करतात आणि १४४ ने भागतात. ६ बाय ८ इंचांची १० फूट तुळई म्हणजे ३.३३ घनफूट. टेप जरा तिरका धरून तीच साडेसहा बाय साडेआठ वाचली की ३.८४ होते. एका तुळईमागे अर्धा घनफूट हवा विकली. शिवाय कुजलेलं टोक आणि जुन्या कुसवांच्या, म्हणजे सांध्यांच्या, खाचा मापातच धरलेल्या. दुसरा प्रकार पावसाळ्यात कळला. टेबलाखाली रोज सकाळी पिठासारखी भुकटी दिसायला लागली. घूण. भोकं मेण आणि भुशाने बुजवून वर पॉलिश मारलं होतं. ‘सागवानाला कीड लागत नाही’ हे गाभ्याच्या लाकडापुरतं खरं. सालीलगतचं पांढरं लाकूड किडा खुशाल खातो, आणि आमच्या फळ्यांत पांढरंच जास्त होतं.

फरश्यांचीही तीच तऱ्हा. जुनी नक्षीची फरशी सिमेंटची असते. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या भरात भारत टाइल्स सुरू झाली, तिच्यासारख्या कारखान्यांचा हा माल. अशा फरशीचा कोपरा तुटलेला असला तर रंगाचा काही मिलिमीटर जाड थर आणि खाली करडं सिमेंट दिसतं, आणि उचलताना मनगट वाकतं. आम्हाला दाखवलेल्या ढिगातली वरची रांग तशीच होती. खालच्या निघाल्या छापील नक्षीच्या सिरॅमिक टाइल्स, वर मातीचा हात फिरवलेला. उलटी केल्यावर मागे यंत्राचे चौकोनी उठाव दिसले. याच जातीचा प्रकार मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, माझ्या मामाच्या बाबतीत झालेला: ग्रामोफोनची आतली मोटर जुनी, पण कर्णा चकचकीत नवा, खोकं नवं आणि वर कुत्र्याचं नवंकोरं चित्र. असे जोडलेले ग्रामोफोन त्या गल्लीत नेहमीचेच आहेत. मामा तो अजून पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, आणि आम्ही कोणी काही बोलत नाही.

त्या माणसाला फोन केला तेव्हा आधी, “जुनं लाकूड असंच असतं, ताई.” मग, “पॉलिशवाल्याकडे अदलाबदल झाली असेल, बघतो.” मग, “साहेबांना द्या जरा फोन.” मग नंबर बंद. मोबाइल दुकानवाला म्हणाला, माझा क्यूआर कोणीही वापरतो, मला काय ठाऊक. वाड्याच्या मालकांना आम्ही शोधून काढलं. त्यांनी तो दरवाजा विकलाच नव्हता, पुण्यातच राहणाऱ्या भावाकडे नेऊन ठेवला होता. आमच्या माणसाचा त्या वाड्याशी संबंध इतकाच की राडारोडा उचलायचं काम त्याच्या ओळखीच्या कुणाकडे होतं, त्यामुळे आत शिरायला त्याला कोणी अडवत नव्हतं.

पोलिसांत तक्रारअर्ज दिलाय. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, पूर्वीचं ४२०. ग्राहक आयोगातही जाता येतं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. पण समोरचा धंदा म्हणून विकतो हे दाखवावं लागतं, आणि बिल नसलं की तिथेच घाम फुटतो. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचे भावाचे मेसेज, दरवाज्याचे फोटो आणि यूपीआयची नोंद आहे. वकीलबाई म्हणाल्या, एवढं तरी आहे, बहुतेकांकडे तेही नसतं. ज्यांनी अनोळखी माणसाला ऑनलाइन आगाऊ पैसे पाठवलेत त्यांनी मात्र आमच्यासारखा शोध घेत बसू नये, तडक १९३० ला फोन करावा. तिथे जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

एक गोष्ट वकीलबाईंकडूनच कळली. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं जुनी, इमारतीतून काढलेली वस्तूही येते, आणि अशा वस्तू विकायचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे कोणी लेटरहेडवर ‘१५० वर्षे जुना दरवाजा’ असं प्रमाणपत्र देत असेल, तर त्याला परवाना दाखव म्हणावं. बहुतेक वेळा दरवाजाचं वय तिथल्या तिथे निम्मं होतं.

काका आता नवीन काही घ्यायचं असलं की वेगळी पद्धत वापरतात. वस्तू पसंत पडली की दिसणार नाही अशा कडेला तापलेल्या खिळ्याने खूण करतात आणि फळीच्या डोक्याकडच्या कड्यांचा जवळून फोटो काढतात. ती कडी दोन फळ्यांत कधी सारखी नसतात. टेम्पो आपला, माल त्याच दिवशी आपल्यासोबत, औषध आणि पॉलिश आपल्या माणसाकडून. पैसे टेम्पोत चढल्यावर, ज्याच्याशी बोललो त्याच्याच नावावर. विकणारा म्हणाला, “एवढा अविश्वास?” तर काका म्हणतात, “हो.” परवाच या रीतीने एक गजांची खिडकी आणली. तिला पांढरं लाकूड आहे थोडं, पण ते आधीच दिसलं आणि भाव त्याप्रमाणे झाला.

तो दरवाजा अजून विकला जातोय. मागच्या आठवड्यात नणंदेला कोणीतरी फोटो पाठवला, ‘नाशिकच्या सरदारवाड्यातील सागवानी दरवाजा’, भाव ८०,०००. फोटो त्याच पेठेतला, मागे तोच चुन्याचा ढीग. ओळखायचं असेल तर डाव्या पाख्यावर, वरून तिसऱ्या ओळीत, एक पितळी फूल गळालंय आणि त्या जागी लोखंडी खिळा आहे.