राम आळीतलं टाय-उपरण्यांचं दुकान

रत्नागिरीच्या राम आळीत एक जुनं, अरुंद दुकान आहे. टाय, उपरणी, शेले, पंचे आणि फेट्याचं कापड तिथे एकाच छपराखाली मिळतं. भाच्याला मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंगसाठी काळा टाय हवा होता, आणि त्याच्या थोरल्या भावाचं लग्नही तोंडावर आलंय, म्हणून गेले. मी शिवणक्लास घेते. कापड उलटं करून बघितल्याशिवाय मला पैसे काढवत नाहीत. इथल्या काकांनी स्वतःच टायची पाठ उघडून माझ्यापुढे धरली. त्यासाठीच हे लिहितेय.

टायची सगळी करामत कापात असते. कापड उरेब, म्हणजे ४५ अंशांत कापलेलं हवं. टाय मधोमध बोटावर टाकून लोंबू द्यायचा. स्वतःभोवती गरगरला तर काप चुकला समजा. उरेब काप आणि तीन तुकड्यांची जोडणी ही आजची पद्धत न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांची, १९२० च्या दशकातली. पाठीमागे दोऱ्याचा एक मोकळा फास असतो, तो कृपा करून तोडू नका. त्या सैल टाक्यावर कापड मागेपुढे सरकतं, म्हणून गाठ सोडल्यावर टाय परत सरळ होतो. ८५० रुपयांचा रेशमी टाय या सगळ्यात उतरला. आतलं कॅनव्हाससुद्धा उरेबच होतं! २५० वाला पॉलिस्टरचा मात्र गरगरला. काकांनी तो मुकाट्याने बाजूला ठेवला, माझ्या गळ्यात मारला नाही.

गळ्यात फडकं बांधायची ही रीत सतराव्या शतकात क्रोएशियाच्या सैनिकांकडून फ्रान्सच्या दरबारात गेली. लढणाऱ्याचं कापड राजाच्या गळ्यात पोचलं, हे मला फार आवडतं. आपल्या कोळीबांधवांचा चौकड्यांचा रुमालही तितक्याच मानाचा आहे. इथे तो टायच्या शेजारीच, काचेच्या कपाटात लावलाय. बघून बरं वाटलं.

उपरणी उत्तम. काठ विणलेला की छापलेला, हे उलट्या बाजूला लगेच कळतं. मी पाहिलेल्या सगळ्यांचे विणलेले होते, दशा हाताने पिळलेल्या. सुती ३५० पासून. भटजींसाठी आणि व्याह्यांसाठी तिथूनच घेतली.

तयार शिवलेले फेटे मात्र मला पटले नाहीत. ब्रह्मदेशातही पुरुषांचं डोक्याचं रेशमी वस्त्र आता टोपीसारखं तयार मिळतं (तिथला शेवटचा राजा थिबा आपल्याच गावात १९१६ मध्ये वारला, म्हणून मी त्याबद्दल वाचत असते). सोय आहे, कबूल. पण नवरदेवाच्या डोक्यावर मामाने नाहीतर काकाने पीळ देत, ताण धरत बांधलेला फेटा त्या डोक्याच्या मापाचा होतो. तयार फेटा आतल्या पुठ्ठ्याच्या मापाचा राहतो आणि घामाने पुठ्ठा मऊ पडतो. सुटं नऊ मीटर कापड घ्या.

आपल्या पावसाळ्यात रेशमाला बुरशी धरते. टाय गाठ सोडून, सैल गुंडाळून ठेवा, जवळ वेखंडाचा तुकडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका.

दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं. फेट्याचं कापड घ्यायचं तर सकाळीच जा आणि ठाण दारात उजेडाला आणून बघा. आतल्या ट्यूबलाइटमध्ये केशरी आणि भगवा सारखेच दिसतात.