सील फोडू न देणाऱ्या सेलवाल्याकडून डीव्हीडी प्लेअर घेऊ नका

गणपतीच्या आधी कुडाळ, सावंतवाडी, कणकवली भागात मंगल कार्यालयं भाड्याने घेऊन इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सेल लावतात. अशाच एका सेलमध्ये 'डिवएक्स चालतं', म्हणजे कमी जागेत दाबून भरलेले व्हिडिओ चालतात, असं सांगून आम्हाला डीव्हीडी प्लेअर विकला, आणि तो डिवएक्स चालवत नाही. म्हणाल, आधी लावून बघायचं होतं. बघितलं होतं. आमचीच डिस्क, आमच्या डोळ्यांसमोर, व्यवस्थित चालली. फक्त ती ज्या मशीनवर चालली ते मशीन टेबलावरचं होतं, आणि सीलबंद खोक्यातून आमच्या हातात आलं ते दुसरं. बाहेरून दोन्ही सारखी: तीच पेटी, तोच मॉडेल नंबर, तोच रिमोट.

आमच्या बाबांकडे दशावताराच्या रेकॉर्डिंगचा मोठा साठा आहे. गुडघ्यांमुळे आता त्यांना जत्रेत रात्रभर बसणं जमत नाही. आडदशावतारातल्या, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागातल्या, गणपती-संकासुरापासून पहाटेपर्यंतचं आख्यान कोणीकोणी हौसेने कॅमेऱ्यात धरलेलं, आणि ते सगळं एव्हीआय फायली करून डिस्कवर भरलेलं. असं भरण्याचं कारण सरळ आहे. साध्या डीव्हीडीत एमपीईजी-2 या पद्धतीने भरलेलं चित्र असतं, आणि 4.7 जीबीच्या एका डिस्कवर ते चांगल्या दर्जात दोनेक तासांचं मावतं. तेच डिवएक्स किंवा एक्सव्हिड, म्हणजे एमपीईजी-4 मध्ये दाबून घेतलं तर तासाला साधारण 500 एमबी पुरतात. रात्रभराचं नाटक एका डिस्कवर बसतं आणि तरी जागा उरते. पण हे दाबलेलं चित्र उलगडायला प्लेअरच्या आतल्या चिपमध्ये तशी सोय लागते. जुना प्लेअर बंद पडल्यावर आम्हाला हवं होतं ते एवढंच: स्वस्तातला, पण एमपीईजी-4 उलगडणारा.

सेलवाला गोड मालवणीत बोलत होता. बाबांची डिस्क टेबलावरच्या मशीनमध्ये घातली, पायपेटी आणि मृदंग ऐकू आला, चित्र स्वच्छ. किंमत 1,800 रुपये. मी म्हटलं, आता खोक्यातला काढून हीच डिस्क लावा. त्यावर म्हणाला, "वैनी, सील फोडलां तर गॅरंटी जातली. आतलां मशीन ह्यांच आसा, घोर करू नकात." मागे माणसं खोळंबलेली. तो रिमोटचे सेल फुकट देत होता, वर गॅरंटी कार्डावर शिक्काही मारून दिला. गिऱ्हाइकाने दोन मिनिटं थांबून विचार करू नये, अशीच सगळी मांडणी होती, हे आता स्पष्ट दिसतं.

घरी डिस्क लावल्यावर पडद्यावर जी यादी आली ती मी विसरणार नाही. त्या डिस्कवर तीन गोष्टी आहेत: नाटकाच्या फायली, थोड्या भजनांच्या एमपी3 आणि मंडळाचे फोटो. यादीत भजनं दिसली, फोटो दिसले, नाटक एकही नाही. जणू डिस्कवर ते नव्हतंच. बाबा दुसरी डिस्क आणायला उठले, मग तिसरी. बाजारातली साधी डीव्हीडी लावली तर झक्क चालली. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं. ज्याची चिप फक्त एमपीईजी-1 आणि एमपीईजी-2 जाणते असं मशीन असंच वागतं: व्हीसीडी चालते, डीव्हीडी चालते, गाणी आणि फोटो चालतात, आणि एव्हीआय फाईल त्याला दिसतच नाही.

परत नेल्यावर आधी 'डिस्क खराब आसा' झालं. काल तुमच्याच टेबलावर चालली होती, म्हटल्यावर टेबलावरचं मशीन 'विकलां गेलां'. मग 'सॉफ्टवेअर अपडेट मारूक व्हया, 400 रुपये पडतले'. हे 400 रुपये मी दिले नाहीत, आणि ज्यांच्याकडे मागितले जातील त्यांनीही देऊ नयेत. दोन दिवसांनी कार्यालयात लग्नाची खुर्च्या-मांडणी सुरू होती. गॅरंटी कार्डावरचा मोबाइल बंद.

मशीन आम्ही ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे उघडून घेतलं. झाकण काढल्यावर त्याने मला जवळ बोलावून दाखवलं. मागच्या बाजूला आवाजाची सहा भोकं आहेत, त्याला खोक्यावर '5.1' म्हटलंय. आतून तारा फक्त दोनांना जोडलेल्या, बाकी चार नुसती प्लास्टिकला बसवलेली. लेन्सच्या बैठकीच्या स्क्रूंवर पेचकसाचे जुने ओरखडे, म्हणजे लेन्स दुसऱ्या कुठल्या मशीनमधून काढून बसवलेली असणार, असं त्याचं म्हणणं. आणि मुख्य चिपवरचं नाव-नंबर घासून काढलेलं, बोटाला खरखरीत लागत होतं. "वैनी, ह्या बोर्डाक एमपीईजी-4 जमणाच नाय, अपडेट खंय मारतलो?" एवढंच तो म्हणाला. चित्र उलगडण्याचं काम ती चिप स्वतः करते. तिच्यात सोय नसेल तर वरून काही भरून ती येत नाही.

खोक्यावर डिवएक्सचा शिक्का होता, पण तो छापलेला नव्हता, स्टिकर होता. अस्सल प्रमाणित प्लेअरच्या सेटअप मेनूत डिवएक्सचा नोंदणी कोड दाखवणारी एक ओळ असते. रिमोटवरून सेटअपमध्ये जाऊन ती बघायला अर्धा मिनिट लागतो, डिस्कचीही गरज नाही. आमच्या मशीनच्या मेनूत ती ओळच नाही. शिवाय पॅकबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. या खोक्यावर एमआरपी तेवढी मोठ्या अक्षरात, पत्ता कुठेच नाही.

नंतर आम्ही बाजारपेठेतल्या कायमच्या दुकानातून दुसरा प्लेअर घेतला. तिथे दुकानदाराने स्वतःहून खोकं फोडून, जो आम्ही नेणार तोच प्लेअर लावून दाखवला. थोडे पैसे जास्त गेले, पण हा प्लेअर बाबांची नाटकं दाखवतो. तरी खरा डिवएक्स प्लेअरही सगळं चालवत नाही, आणि याचाच फायदा घेऊन विक्रेते नंतर हात वर करतात. म्हणून डिस्क नेताना आपल्याकडच्या प्रत्येक प्रकारची एकेक फाईल त्यावर असू द्या. पुतण्याने मोबाइलवर काढलेलं नाटक एमपी4 असतं, पण आतलं चित्र बहुधा एच.264 किंवा त्यापुढचं असतं. साध्या डिवएक्स प्लेअरला ते जमत नाही. फाईलच्या नावामागचं एव्हीआय किंवा एमपी4 म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, आत कुठल्या पद्धतीचं चित्र भरलंय ते तिच्यावरून नक्की कळत नाही. चित्राचा आकार 720 बाय 576 पिक्सेलच्या आत हवा. एचडी फाईल असेल तर तसा एचडी प्लेअर लागतो, आणि खोक्यावरचं '1080पी' बरेचदा फक्त चित्र ताणून मोठं करण्याबद्दल असतं. पेन ड्राइव्हच्या खाचेवरही भरवसा ठेवू नका, पुष्कळ स्वस्त मशीनमध्ये ती फक्त गाण्यांपुरती असते. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरवर फॅट32 पद्धतीने फॉरमॅट करून न्या, आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एकच फाईल बसत नाही हे लक्षात असू द्या.

ज्यांच्या घरी यूएसबीवाला नवा टीव्ही आहे त्यांनी, माझं स्पष्ट मत, प्लेअर घेऊच नये. डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. नाहीतरी आपल्या पावसाळ्यात डिस्कवर बुरशी चढतेच, त्या कायम टिकणार नाहीत. आमचा टीव्ही जुना पिक्चर ट्यूबचा आहे, म्हणून प्लेअरची गरज पडली.

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. पावती मागितली तेव्हा जीएसटी नंबर नसलेला कच्चा कागद मिळाला होता, पण त्यावर मॉडेल नंबर, तारीख आणि 'डिवएक्स' हा शब्द त्याच्याच हातचा आहे. तो कागद, खोकं आणि उघडलेल्या मशीनचे फोटो जोडून तक्रार केली आहे. कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडे हॉल कोणी घेतला त्याची नोंद असते, ती मागून घ्या, आम्हाला नाव तिथूनच मिळालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तेव्हा अशा सेलमधून प्लेअर घेतला असेल तर खोकं अडगळीत जाण्याआधी आजच एव्हीआय फाईल लावून बघा, आणि चालली नाही तर खोकं, स्टिकर, पावती काहीही टाकू नका.