मुलांसाठी लोकशाहीचा इतिहास: पुस्तक मस्त, पण आपला गोवा कुठंय?

चवथीच्या आधी फोंड्यात पुस्तक प्रदर्शन लागलेलं तिथून घेतलं, लेक सातवीत आहे तिच्यासाठी. मला वाटलेलं नुसत्या सनावळ्या असतील, दोन दिवसांत बाजूला पडेल, पण अथेन्सच्या धड्याला जी बसली ती जेवायला हाका मारल्या तरी उठेना. तिथं बरीचशी पदं चिठ्ठ्या टाकून भरायचे, आणि कोणी फार डोईजड होतोय वाटलं की खापरावर त्याचं नाव कोरून मतं द्यायचे आणि दहा वर्षं शहराबाहेर काढायचे, हे वाचून ही फुटक्या कुंडीचे तुकडे घेऊन बसली!

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे कोणाकोणाला बाहेर ठेवलं ते लपवलेलं नाही. अथेन्समध्ये बायकांना, गुलामांना मत नाही. न्यूझीलंडमध्ये बायकांना १८९३ ला मिळालं आणि स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवर थेट १९७१ ला. लेक म्हणाली, "म्हणजे आजीने तिथल्या आज्यांच्या आधी मत दिलं?" हो गं बाई, दिलं.

आणि इथंच माझी तक्रार आहे. तामिळनाडूतल्या उत्तिरमेरूरच्या शिलालेखावर दोन पानं आहेत, गावच्या समित्यांवर माणसं निवडायला घड्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकून लहान मुलाकडून काढून घ्यायचे वगैरे, छानच आहे, पण गोव्यावर एक ओळ नाही. आपल्या गावकऱ्या, म्हणजे कोमुनिदाद, गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्था, तिथंही हक्क गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, घरातल्या पुरुषांनाच, अथेन्सच्या शेजारी ठेवलं असतं तर पोरांना पटकन कळलं असतं. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया पोर्तुगीज राजवटीविरुद्ध बोलायला उभे राहिले आणि त्यांना पकडलं, ते नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौलही नाही, खरं तर भारतात असा कौल किती ठिकाणी झालाय? गोव्याला महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल या चिन्हावर मत, वेगळं राहायचं तर दोन पानं, आणि दोन पानं ३४ हजारांवर मतांनी जिंकली. आमच्या सासूबाई फुलाच्या आणि त्यांचे दीर दोन पानांचे, घरात कित्येक दिवस बोलणं बंद होतं म्हणतात.

कागद चांगला, चित्रं सुंदर, अक्षर मात्र जरा बारीक. पाचवीच्या पुढच्या मुलांना बिनधास्त द्या. १९६७ चं पान आम्ही घरीच करतोय, आजी सांगते, लेक लिहिते, झालं की मागच्या कव्हरला आतून चिकटवणार.