पिक्चर जास्परचा स्लॅब घेताना आधी पाठ बघा

अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये राहत असल्यामुळे कॅबोशॉनसाठी (सपाट पाठीचा, वरून घुमटासारखा घासलेला खडा) दगड शोधायला लांब जावं लागत नाही. बिग्ज, ओवायही आणि डेशूट्स हे इथले पिक्चर जास्पर (रेघा-पट्ट्यांत निसर्गचित्र दिसणारे दगड), आणि शेजारच्या आयडाहोचा ब्रूनो. गेले बरेच महिने मुख्यतः हेच घासतोय.

विक्रेते स्लॅब, म्हणजे दगडाचा कापलेला पातळ तुकडा, ओला करून दाखवतात, आणि ते योग्यच आहे, कारण पॉलिशनंतरचा रंग साधारण तसाच दिसतो. पण मी तो हातात वाळेपर्यंत थांबतो. बाकी दगड कोरडा झाला तरी एखादी बारीक रेघ ओलीच राहिली, तर तिथे तडा आहे. तेवढा भाग वगळून हवा तो आकार बसत असेल तरच पुढचं बोलणं.

खरी गोष्ट मात्र पाठीवर कळते. बिग्जमध्ये टेकड्या, क्षितिज, वर फिकट आभाळ असं अख्खं चित्र दिसतं. स्लॅब साधारण ६ मिमी जाड असतो. त्यातून ३०×४० मिमीचा घुमट काढला की कडेचा दगड ३-४ मिमी खाली जातो, म्हणजे कडेला दिसणारं चित्र आतल्या थराचं असतं. थर स्लॅबच्या पृष्ठाला काटकोनात असतील तर क्षितिज सरळ राहतं, तिरके असतील तर दोन्ही टोकांना वाकतं. म्हणून स्लॅब उलटा करायचा. तीच रेघ मागे त्याच जागी असेल तर घ्यायचा. दोन-तीन मिमी सरकली असेल तर घुमट अगदी चपटा ठेवायची तयारी हवी. पुढून अप्रतिम दिसणारे कितीतरी स्लॅब या एका कसोटीवर मी परत ठेवले आहेत.

ब्रूनोला ही युक्ती लागू पडत नाही. त्यात एकात एक गोल असतात. घुमट उतरत जाईल तशी वर्तुळं लहानमोठी होतात, आणि आत काय निघेल ते घासल्यावरच कळतं. दगड मात्र इतका घट्ट की पॉलिशला चिनी मातीची झळाळी येते. महाग आहे, आणि तडेही भरपूर.

बिग्जच्या काही तुकड्यांत फिकट पट्टे खडूसारखे मऊ निघतात. गडद पट्टा उंच राहतो, फिकट खोल जातो आणि बोट फिरवलं तर खाचा लागतात. घेताना फिकट पट्ट्यावर सुईचं टोक ओढून बघा. ओरखडा उठला तर नको. ओवायहीमध्ये मला हा त्रास कमी झाला. बारीक रेघांचं निळसर-राखी आभाळ हवं असेल तर पहिली पसंती त्यालाच.

मोठ्या करवतीवर तेल वापरून कापलेले स्लॅब तेलकट येतात, आणि घासताना धरायच्या दांडीला चिकटवलेला दगड मधेच सुटतो. साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवले की बरंचसं तेल निघतं.

घासण्याचा क्रम नेहमीचाच: ८० ग्रिट (खरखरीतपणाचा आकडा, जितका मोठा तितका बारीक) फक्त आकारापुरता, मग २२०, ६००, १२००, ३०००, शेवटी चामड्यावर सेरियम ऑक्साइडची पॉलिश पावडर. ६०० वर घाई केली की गडद जास्परवर ओरखडे हमखास उठून दिसतात. पाणी सतत चालू आणि तोंडावर चांगला मास्क हवाच. जास्पर म्हणजे शेवटी सिलिका. खंभातच्या अकीक कारागिरांना याच धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो.

गावाकडचे विचारतात, आपल्याकडे असं काही मिळत नाही का? दख्खनचा बेसाल्टही इथल्यासारखाच थरांवर थर साचलेला, फक्त वयाने मोठा: इथला बहुतेक दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. हिरव्यावर लाल ठिपक्यांचा ब्लडस्टोन दख्खनच्याच लाव्हातून येतो. त्यात चित्र नसतं, त्यामुळे पाठ तपासण्याची कटकट नाही. ठिपके कुठे आलेत एवढं पाहून आकार आखायचं टेम्पलेट ठेवायचं. नवशिक्याने हात त्यावरच बसवावा, मग ओवायही घ्यावा. ब्रूनो मी पुन्हा घेईन, पण लहान तुकडे, आणि तेही स्वतः ओले करून पाहिल्यावरच.